गोसीखुर्द धरण (इंदिरासागर)

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर गोसीखुर्द गावाजवळ बांधलेले हे धरण विदर्भातील सर्वांत मोठ्या सिंचन प्रकल्पाचे शीर्षस्थान असून त्याच्या जलाशयास इंदिरासागर असे नाव देण्यात आले आहे. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येते, भंडारा शहराजवळून दक्षिणेकडे वळते आणि अंभोरा येथे कन्हान नदीचे पाणी घेऊन पवनीकडे जाते. पुढे वर्धा नदीशी संगम झाल्यावर तिला प्राणहिता हे नाव मिळते व ती गोदावरीस मिळते. कन्हानचा संगम वरच्या अंगास असल्याने या दोन्ही खोऱ्यांचे पाणी एकत्रितपणे धरणात येते, आणि हेच या स्थळाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

धरणाच्या परिसराला जलसंचयाची जुनी परंपरा आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या भागात शेकडो तलाव बांधले. मालगुजारांच्या, म्हणजे सारावसुलीचे हक्क असलेल्या गावप्रमुखांच्या, ताब्यात असलेले हे तलाव मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून मामा तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, आधाराने येथील धानाची शेती शतकानुशतके तगली. परंतु तलाव गाळाने भरत गेले, आणि ज्या वर्षी ऐन निसवणीच्या वेळी, म्हणजे धानाच्या लोंब्या बाहेर पडत असताना, पाऊस ओढ देई, त्या वर्षी तलावांचे पाणीही पुरत नसे. शेजारून वाहणाऱ्या वैनगंगेचे पुराचे पाणी मात्र दरवर्षी निघून जात असे. हा विरोधाभास दूर करणे हा प्रकल्पामागील मूळ हेतू होता.

महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये ३७२ कोटी २२ लाख रुपये खर्चाच्या प्रकल्पास प्रशासकीय मान्यता दिली आणि २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढील दोन दशकांत काम अत्यंत संथ गतीने झाले. वनजमिनीसाठी लागणारी केंद्राची परवानगी, निधीची टंचाई, भूसंपादन आणि पुनर्वसन या चारही आघाड्यांवर ते अडत गेले. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे प्रकल्प आला, आणि २००९ मध्ये केंद्र शासनाने त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिल्याने निधीचा मोठा भाग केंद्राकडून मिळू लागला. दरम्यान खर्चाचा अंदाज वाढत वाढत सुधारित मान्यतेनुसार १८ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. या वाढीस महागाई व व्याप्तीतील बदल कारणीभूत होतेच. तथापि कालव्यांच्या अस्तरीकरणाचा निकृष्ट दर्जा चौकशीत आढळल्याने काही कामे पुन्हा करावी लागली, ही गोष्ट प्रकल्पाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

मातीचे लांब बांध आणि नदीपात्रातील सांडवा असे धरणाचे स्वरूप असून त्याची लांबी ११ किमी.हून अधिक आहे. उंची मात्र सुमारे २२ मी.च आहे, कारण येथील प्रदेश सपाट असून पाणी खोलीपेक्षा विस्ताराने साठते. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या भागावर, ३३ वक्राकार दरवाजे आहेत. जलाशयाचा एकूण साठा १,१४६ दशलक्ष घनमीटर असला, तरी त्यातील उपयुक्त साठा, म्हणजे कालव्यांत सोडता येणारे पाणी, ७४० दशलक्ष घनमीटर (सुमारे २६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) आहे. उरलेले एक तृतीयांशाहून अधिक पाणी विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर काढण्याच्या दाराच्या, पातळीखाली राहते आणि त्यास मृत साठा म्हणतात. सपाट भूमीवर धरण बांधण्याची ही किंमत होय, आणि बुडालेल्या जमिनीचे प्रमाण इतके मोठे का, याचेही उत्तर त्यातच आहे.

प्रकल्पाची सिंचनक्षमता अडीच लाख हेक्टरांवर अपेक्षित असून त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र चंद्रपूर जिल्ह्यात, सुमारे एक तृतीयांश भंडाऱ्यात आणि उरलेले नागपूर जिल्ह्यात येते. सुमारे २३ किमी. लांबीचा डावा कालवा पवनी व लाखांदूर तालुक्यांना पाणी देतो. ९९ किमी. लांबीचा उजवा कालवा चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या तालुक्यांतून सावली तालुक्यातील आसोलामेंढा या ब्रिटिशकालीन तलावापर्यंत जातो, आणि त्या तलावाच्या जुन्या कालव्यांचे जाळे विस्तारून वापरण्याची योजना आहे. नव्या धरणाने जुन्या तलावास बळ द्यावे, ही या आराखड्यातील सर्वांत सुज्ञ कल्पना म्हणावी लागेल. उंचावरील जमिनींसाठी टेकेपार, अंभोरा, मोखाबर्डी व नेरला या उपसा सिंचन योजना आहेत, म्हणजे तेथे पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडले जाते. जेथे पाणी पोहोचले, तेथे खरिपाच्या धानाला संरक्षण मिळाले आणि उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढले. धरणाच्या पायथ्याशी २४ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्रही आहे.

या लाभाचा भार ज्यांनी उचलला, ती भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे होत. ८० हून अधिक गावे पूर्णतः बाधित झाली; शिवाय अनेक गावांची केवळ शेतजमीन गेली. नदीकाठच्या सुपीक जमिनीबरोबर ढिवर समाजाची वाहत्या पात्रातील मासेमारीही संपली. नव्या गावठाणांतील नागरी सुविधा आणि जमिनीचा मोबदला यांसाठी प्रकल्पग्रस्तांनी दीर्घकाळ आंदोलने केली, आणि २०१३ मध्ये राज्य शासनाने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य मंजूर केले. जलाशयातील पाण्याची पातळी वाढविण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे पुनर्वसनाशी बांधलेला राहिला, तो यामुळेच.

जलाशयापुढील दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेस मिळते आणि ते पाणी इंदिरासागरात येऊन थांबते. त्यामुळे काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो व जलपर्णी फोफावते. धरणाचे खरे हित नागपुरातील सांडपाणी शुद्धीकरणावर अवलंबून आहे, हे जितके लवकर ओळखले जाईल तितके बरे. पूरनियंत्रणाची मर्यादाही ऑगस्ट २०२० च्या अखेरीस दिसून आली. वरच्या भागातील धरणांतून मोठा विसर्ग झाल्यावर भंडारा शहरात पाणी शिरले, सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी व गडचिरोलीच्या नदीकाठाला पुराने वेढले. मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांतील धरणांच्या विसर्गाचा मेळ घातल्याखेरीज एकट्या गोसीखुर्दला पूर रोखता येत नाही.

परिसरातील पवनी हे प्राचीन नगर असून तेथील उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. जलाशयाच्या काठावरील अंभोरा येथे चैतन्येश्वराचे मंदिर असून कवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथेच रचला, असे एक मत आहे. उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य जवळच आहे.

वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पानुसार गोसीखुर्द येथील अतिरिक्त पाणी सुमारे ४२६ किमी. लांबीच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यापर्यंत नेण्यात येणार असून त्यास २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. पश्चिम विदर्भाची गरज खरी आहे. मात्र धरणाच्या स्वतःच्या लाभक्षेत्रातील वितरिका, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत जाणारे पाट, त्याआधी पूर्ण होणे हा भंडारा व चंद्रपूरच्या शेतकऱ्यांचा पहिला हक्क आहे.