योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल: ट्रोजन मोबाइलमध्ये कसा शिरतो आणि कसा काढावा

थोडक्यात
कोणत्याही योजनेचा हप्ता मिळण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल मोबाइलमध्ये टाकावी लागत नाही. अशी फाइल टाकली गेली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि मग अ‍ॅप काढा.

ट्रोजन म्हणजे काय?
उपयोगी अ‍ॅपचे सोंग घेऊन आलेला घातक प्रोग्राम म्हणजे ट्रोजन. तो आपोआप पसरत नाही. मोबाइलधारकाने तो स्वतः टाकावा आणि परवानग्या द्याव्यात, यासाठी त्याला ओळखीचे नाव दिलेले असते.

रायपूरच्या बूढापाऱ्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत नागपूर, अमरावतीचे नातेवाईकही असतात. त्यामुळे छत्तीसगडची महतारी वंदन योजना (दरमहा १,००० रुपये), महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना (दरमहा १,५०० रुपये) आणि पीएम किसान (वर्षाला ६,००० रुपये) या तिन्हींचे संदेश एकाच फोनवर येऊ शकतात. लाडकी बहीण योजना महाराष्ट्रातील रहिवासी महिलांसाठी आहे. रायपूरच्या रहिवाशाला तिचा ‘हप्ता मंजूर’ असा संदेश आला, तर तो खोटा समजावा.

तो कसा शिरतो?
१. ‘यादीत नाव पाहा’ किंवा ‘केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद’ अशा संदेशासोबत शेवटी ‘एपीके’ लिहिलेली फाइल येते. गटातील एखाद्याचा फोन आधीच बाधित असेल, तर ती ओळखीच्या नंबरावरूनही येते.
२. फाइल उघडल्यावर फोन ‘अनोळखी स्रोतातील अ‍ॅप’ असा इशारा देतो. आपण तरीही परवानगी देतो.
३. मग अ‍ॅप एसएमएस वाचण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. पहिलीमुळे ओटीपी त्याच्या हाती लागतो. दुसरीमुळे स्क्रीनवरचे वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या ट्रोजनबाबत इशारा दिला होता. तो आयकर परताव्याचे आमिष दाखवून २७ हून अधिक बँकांच्या ग्राहकांना लक्ष्य करत होता. योजनांच्या नावाने येणाऱ्या फाइलींची रीतही तीच आहे.

मोबाइलमधून कसा काढावा?
१. मोबाइल डेटा व वाय-फाय बंद करा, एरोप्लेन मोड लावा.
२. सिम काढून घरातील दुसऱ्या, विश्वासाच्या फोनमध्ये घाला. आता ओटीपी बाधित फोनवर जाणार नाहीत. या फोनवरून ##००२# डायल करा, म्हणजे कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते रद्द होतील.
३. बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून यूपीआय व नेट बँकिंग थांबवायला सांगा.
४. संदेशाचे आणि अ‍ॅपच्या नावाचे फोटो काढून ठेवा. तक्रारीत लागतील.
५. बाधित फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून ते अ‍ॅप अनइन्स्टॉल करा. ते निघत नसेल, तर आधी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ व ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ या ठिकाणी त्याची परवानगी बंद करा. तरीही निघाले नाही तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून काढा.
६. इंटरनेट सुरू करून प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ने तपासणी करा.
७. शंका उरली तर फोटो व कागदपत्रे दुसरीकडे ठेवून फोन ‘फॅक्टरी रिसेट’ करा. जुनी एपीके फाइल परत आणू नका.
८. यानंतरच पासवर्ड व यूपीआय पिन बदला.

संगणकावर
इंटरनेट तोडा. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून उघडे काम आधी जतन करा. ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या सरकारी संकेतस्थळावर ट्रोजन काढण्याची साधने मोफत मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले.

पैसे गेले असतील तर
लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. बँकेकडून तक्रार क्रमांक अवश्य घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचे नुकसान बँकेने सोसायचे असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फाइल उघडली नाही तर माझा हप्ता थांबेल का?*
नाही. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. महतारी वंदनबाबत शंका असेल तर अंगणवाडी केंद्रात विचारा.

*फाइल फक्त डाउनलोड झाली, टाकली नाही. धोका आहे का?*
इन्स्टॉल केल्याशिवाय ट्रोजन काम करत नाही. फाइल न उघडता काढून टाका.

*गटात फाइल दिसली तर काय करावे?*
पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करून सांगा. त्यांचा फोन बाधित असू शकतो आणि त्यांना ते माहीतही नसेल.