जुना कॉम्प्युटर हळू चालतोय? मागे चालणाऱ्या कोणत्या सर्व्हिस बंद कराव्यात, कोणत्या नाही

गावातल्या सेवा केंद्रात, दूध संकलन केंद्रावर, सोसायटीच्या ऑफिसात अजूनही आठ-दहा वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर आहेत. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी स्क्रीन पूर्ण उघडलेली नसते. नवीन घ्यायचा तर खर्च परवडत नाही. मग कोणीतरी सांगतं, "मागच्या सर्व्हिस बंद कर, पळायला लागेल." ते खरं आहे, पण अर्धंच.

सर्व्हिस म्हणजे काय?

आपण उघडतो ते प्रोग्राम समोर दिसतात. पण विंडोज सुरू झालं की कितीतरी कामं आपल्याला न दिसता मागे चालू होतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. प्रिंट काढणं, वायफाय जोडणं, आवाज, अपडेट, सगळं त्यांच्या जोरावर चालतं. एका डीपीवर जास्त मोटारी जोडल्या की व्होल्टेज पडतं, तसंच इथे होतं. मशीन मोठं असेल तर फरक पडत नाही, चार जीबीवाल्याला पडतो. म्हणून गरज नसलेली मोटार बंद करायची. पण कोणती मोटार कोणाच्या विहिरीची, हे आधी माहीत पाहिजे.

माझी चूक

आमच्या घरी पुतण्या फॉर्म भरायचं छोटं केंद्र चालवतो. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून मी त्याच्या कॉम्प्युटरवर सिस्टम कॉन्फिगरेशन उघडलं, "हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस"वर टिक केली आणि उरलेल्या सगळ्या एका दमात बंद केल्या. कॉम्प्युटर खरंच लवकर सुरू झाला. पण सकाळी पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी माणसं आली आणि थंब मशीन काही केल्या सापडेना. वायर बदलली, पोर्ट बदललं, उपयोग शून्य. शेजारच्या गावाहून चालत आलेल्या एका आजींना तसंच परत जावं लागलं. दुपारी लक्षात आलं, थंब मशीनची आरडी सर्व्हिस मीच बंद केली होती. आधारसाठी अंगठा घेताना ती मागे चालू असावीच लागते, आणि ती मायक्रोसॉफ्टची नसल्यामुळे त्या यादीत आली होती. म्हणून एकदम सगळ्या बंद करायच्या नाहीत, एकेक करायची.

आधी हे करा

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी आणि डिस्क यातलं काय भरलंय ते बघा. जुन्या हार्ड डिस्कवर बऱ्याचदा डिस्क १०० टक्के दिसते.

२. त्यातच "स्टार्टअप" टॅब आहे. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तिथे दिसतात. रोज न लागणाऱ्यांवर राईट क्लिक करून "डिसेबल" करा. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. पुष्कळदा सर्व्हिसपेक्षा इथेच जास्त फरक पडतो.

३. स्टार्टमध्ये इंग्रजीत "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधून एक रिस्टोअर पॉइंट बनवून ठेवा. गडबड झाली तर मागे जाता येतं.

सर्व्हिस कशी बंद करायची?

स्टार्टमध्ये इंग्रजीत "सर्व्हिसेस" टाइप करा आणि दातेरी चाकाच्या चित्रावर राईट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" घ्या. लांबलचक यादी येईल. काही बदलायच्या आधी मोबाईलने यादीचे फोटो काढून ठेवा. पुढे काही अडलं तर हेच फोटो कामाला येतात.

"स्टेटस" रकान्यात "रनिंग" लिहिलेल्याच सर्व्हिस मशीनवर भार टाकतात. व्हिडिओवाले फॅक्स आणि एक्सबॉक्सच्या सर्व्हिस बंद करा म्हणतात, पण त्या मुळात "मॅन्युअल"वर असतात, म्हणजे लागल्या तरच सुरू होतात. त्या बंद करून हाती काही लागत नाही.

जी बंद करायची तिच्यावर डबल क्लिक करा. "स्टार्टअप टाइप"मध्ये "डिसेबल्ड" निवडा, "अप्लाय" करा, मग "स्टॉप" दाबा. खात्री नसेल तर "मॅन्युअल" ठेवा.

या बंद करून पाहता येतील

• कनेक्टेड यूजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री: वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवते. रोजच्या कामाला लागत नाही.

• डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर: विंडोजचे नकाशे उतरवून वापरत नसाल तर नको.

• सिसमेन: जास्त वापरले जाणारे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवते. काही जुन्या मशीनवर यामुळे डिस्क भरलेली राहते. दोन दिवस बंद ठेवून बघा. प्रोग्राम उघडायला उलट उशीर लागला तर परत चालू करा.

• विंडोज सर्च: बंद केली तर डिस्कला आराम मिळतो, पण फाईल शोधायला वेळ लागतो.

• प्रिंट स्पूलर: प्रिंटर अजिबात नसेल तरच. नाहीतर सातबाराची प्रिंट निघणार नाही. विंडोजच्या "प्रिंट टू पीडीएफ"लाही हीच लागते.

यांना हात लावू नका

रिमोट प्रोसीजर कॉल, डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर, प्लग अँड प्ले, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, डीएचसीपी क्लायंट, वायफायसाठीची डब्लूलॅन ऑटोकॉन्फिग, विंडोज ऑडिओ. थंब मशीनची आरडी सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनला लागणारी स्मार्ट कार्ड सर्व्हिसही तशीच ठेवा.

अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट वेग वाढवायला म्हणून बंद करू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात, तिथे राखण काढून घेणं महागात पडेल. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील तर एक काढून टाका.

बिघडलं तर?

एका वेळी एकच सर्व्हिस बदला, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, प्रिंट, इंटरनेट, थंब मशीन तिन्ही तपासा. मगच पुढची. काही अडलं तर फोटो बघून पहिल्यासारखं करा. विंडोज नीट चालतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून "रिस्टार्ट" करा आणि ट्रबलशूटमधून सेफ मोडमध्ये जा. तिथून बदल मागे घेता येतो.

एवढं करून मशीन थोडं हलकं होईल, नव्यासारखं होणार नाही. खरा फरक हवा असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. जमलं तर रॅम वाढवा, आतली धूळही साफ करून घ्या.

आणि हे काम फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री करू नका. गर्दी नसलेला दिवस धरा.