गळ्याची गाठ आणि मिठाची गोष्ट

"गळ्याला गाठ आली? मीठ बदला, जिरून जाईल." हा सल्ला साखऱ्यात तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. तो आला कुठून, ते आधी पाहू.

गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. आहारात आयोडीन कमी पडले की थायरॉईड ग्रंथी वाढते, हे पुष्कळ नंतर कळले. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात (आजचा हिमाचल प्रदेश) काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधे मीठ दिले. आयोडीन मिळाले तिथे गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा डोंगराळ भागाचा आजार मानला जाई. पण पुढे आपल्या मराठवाड्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यातही तो आढळला. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे.

म्हणजे आयोडीनयुक्त मिठाने गलगंड टळतो, हे खरे. पण आलेली प्रत्येक गाठ मिठाने जिरत नाही. जास्त मीठ खाल्ले तर रक्तदाब मात्र वाढेल. आणि 'नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या सैंधवात आयोडीन नगण्य असते.

"टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे गाठ साधी," हाही गैरसमजच. टीएसएच ग्रंथीचे काम सांगते. गाठ कशी आहे ते सोनोग्राफी सांगते, गरज पडल्यास सुईची तपासणी. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासूनच ठरते. गाठ वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर मीठ बदलून वाट पाहू नका. डॉक्टरांना गळा दाखवा.