रात्रकालीन प्रकाश व आर्थिक वाढ

रात्रीच्या वेळी पृथ्वीवरून अवकाशात पोहोचणारा कृत्रिम प्रकाश उपग्रहांद्वारे मोजून त्यावरून एखाद्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या आर्थिक वाढीचा अंदाज बांधण्याची पद्धत अर्थशास्त्रात वापरली जाते. उत्पन्न वाढले की दिव्यांचा वापरही वाढतो, हे तिचे मूळ गृहीतक आहे. सकल देशांतर्गत उत्पादनाची (जीडीपी) अधिकृत आकडेवारी जेथे अपुरी किंवा अविश्वसनीय असते, तेथे ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते. जिल्हा किंवा शहर या पातळीवर असे आकडे बहुधा नसतातच.

इतिहास

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान उपग्रहांनी टिपलेल्या प्रकाशाची वार्षिक आकडेवारी १९९२ पासून २०१३ पर्यंत उपलब्ध आहे. व्हर्नन हेंडरसन, ॲडम स्टोरीगार्ड आणि डेव्हिड वेल यांनी २०१२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधील लेखात तिचा वापर केला. प्रकाशातील १ टक्का वाढीमागे उत्पादनात सुमारे ०.३ टक्के वाढ दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. लुईस मार्टिनेझ यांनी २०२२ मध्ये प्रकाशाची अधिकृत आकड्यांशी तुलना करून हुकूमशाही राजवटी आपला वार्षिक वाढीचा दर सुमारे ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात, असे दाखवले. ऑक्टोबर २०११ मध्ये सोडलेल्या 'सुओमी एनपीपी' उपग्रहावरील संवेदक अधिक सूक्ष्म असून सध्या प्रामुख्याने त्याचीच माहिती वापरली जाते.

मर्यादा

जुन्या संवेदकाची मोजपट्टी ० ते ६३ इतकीच होती. त्यामुळे मुंबईसारख्या महानगराचा मध्यभाग कमाल आकड्यावर अडकून राही आणि तेथील पुढील वाढ दिसत नसे. शिवाय तेजस्वी भागाचा प्रकाश शेजारच्या चौकोनांत सांडतो.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोकावरील उत्तन या मासेमारी गावाच्या उदाहरणावरून या अडचणी स्पष्ट होतात. एका बाजूस भाईंदरची दाट वस्ती व दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र असल्याने येथे नोंदलेला सर्वच उजेड गावाचा मानता येत नाही. उलट गावाच्या उत्पन्नाचा मोठा भाग उपग्रहाला दिसतच नाही. बोंबील बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर उन्हात वाळवले जातात. या कामाला दिवा लागत नाही. खोल समुद्रातील होड्यांचे दिवे संवेदक टिपू शकतो. परंतु ते जागा बदलत असल्याने वार्षिक 'स्थिर प्रकाशा'तून वगळले जातात. पावसाळी शेतीबाबतही हीच अडचण येते. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातील 'बॉम्बे हाय' तेलक्षेत्रात जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाला मात्र ठळक दिसतात, म्हणून अशा ज्वाला हिशेबातून काढाव्या लागतात.

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनाऱ्यावरील ढगांमुळे निरभ्र रात्री फारच थोड्या मिळतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांऐवजी एलईडी बसवल्यावर आणखी एक गफलत होते. नवा संवेदक ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश टिपत नाही. परिणामी रस्ता डोळ्यांना अधिक उजळ दिसत असतानाही नोंदीत मंद झालेला आढळू शकतो.