ओघळीतली वावरे

सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, मावळात आणि जुन्नर-अकोले या डोंगराळ पट्ट्यात, ओघळींच्या पोटात एकाखाली एक वावरे उतरत जातात. प्रत्येकाच्या खालच्या काठाला दगडी ताल, म्हणजे आडवा बांध, असते. ही सपाटी माणसाने उतार खोदून आणि माती ओढून केली, असा समज सर्रास आढळतो. मातीची खोली मात्र वेगळेच सांगते. तालीलगत ती सर्वांत जास्त असते आणि वरच्या टोकाकडे कमी होत मुरुमाला भिडते. खोदून भरलेल्या शेतात वरच्या बाजूला कापलेला काठ दिसायला हवा; इथे मूळ उतार गाळाखाली तसाच राहिलेला असतो. म्हणजे सपाट करण्याचे खरे काम पावसाने केले. माणसाने त्याच रानातले दगड वेचून ओघळीत आडवे रचले, तेही चुन्यामातीशिवाय, म्हणजे फटींतून पाणी जावे आणि गाळ मागे थांबावा. गाळ काठोकाठ आला की पुढच्या उन्हाळ्यात ताल आणखी चढवायची. पहारीला न हलणारा धोंडा जागीच ठेवून ताल त्याला भिडवायची. उरलेले उंचवटे बैलांच्या केणीने ओढून घेता येत. दगड काढणे आणि जमीन सपाट करणे ही दोन कामे अशी एकच होऊन जात, आणि वेचलेला दगड कुठे टाकायचा हा प्रश्नच उरत नसे.

या कामाला वर्षे लागत, आणि जुन्या राज्यकारभाराला हे पक्के ठाऊक होते. पडीक जमीन वहितीस आणणाऱ्याकडून आरंभी थोडा आणि मग वर्षागणिक चढता सारा घेण्याची इस्ताव्याची पद्धत त्यातूनच अर्थपूर्ण ठरते. इस्तावा कोणत्याही पडीकाला मिळे, केवळ ताली घालणाऱ्याला नव्हे, हे खरे. पण उत्पन्न हळूहळू वाढणार हे गृहीत धरल्याशिवाय असा करार सुचत नाही. शिवाजी महाराजांचे १६७६ चे प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेले पत्रही कुळांना बैलांसाठी पैसे आणि पोटाला दाणे देऊन वसुली सवडीने करायला सांगते.

ताली घालण्याच्या या पद्धतीवर एक आक्षेप वजनदार आहे: तालीमागची माती वरच्या कुणाच्या तरी रानातून वाहून आलेली असते. ते मान्यच करावे लागेल. पण ताल नसती तर ती माती नदीला गेली असती; तालीने ती शिवारातच राखली. श्रम स्वस्त होते म्हणूनच हे जमले, हा दुसरा आक्षेपही अर्धा खरा आहे. मातीकामात आणि दगडकामात मुरलेल्या वडारांच्या घामाची किंमत इतिहासाने नीट मोजलेली नाही. तरीही कुटुंबाने उन्हाळ्याच्या सवडीत थोडेथोडे करावे, असाच या कामाचा घाट होता. आज यंत्र आठवड्यात एकर सपाट करते, पण बेताने चालवले नाही तर वरची सुपीक माती खाली गाडून मुरूम वर आणते. ताल उलट सुपीक थर वर्षावर्षाने वरच चढवते.

१९४२ च्या मुंबई भूसुधारणा योजना कायद्यानंतर समपातळी बांधांची मोहीम दख्खनभर पसरली. उताराचे गणित बरोबर असूनही ते बांध शेतकऱ्यांच्या हद्दी ओलांडून जात. कुळवाच्या वाटेत बांध आडवा येई, पाणी एकाच्या पिकात तुंबे आणि फायदा दुसऱ्याला मिळे. असे बांध अनेकांनी पुढे नांगरून टाकले. ओघळीतली ताल मात्र ज्याची त्यानेच घातलेली असे, आणि पावसाळ्याआधी तिचा सांडवा तोच दुरुस्त करी.