स्लीप ॲप्निया आणि महाधमनीचा फुगवटा : उपचारांतून काय साधते?

रायपूर : घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा समज घरोघरी रूढ आहे. प्रत्यक्षात घोरताना श्वास वारंवार थांबत असेल, तर तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो. महाधमनीला फुगवटा, म्हणजेच ‘ॲन्युरिझम’ असलेल्या रुग्णांनी या विकाराकडे दुर्लक्ष करू नये.

पोटातील महाधमनीचा व्यास ३ सेंटिमीटर किंवा अधिक झाल्यास त्यास ॲन्युरिझम म्हणतात. बहुधा त्याची लक्षणे जाणवत नाहीत. फुटल्यास मात्र प्राणांवर बेतते. शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे १९५५ मध्ये याच कारणाने निधन झाले.

झोपेत घशाचा मार्ग बंद झाल्यावर रुग्ण श्वास ओढू पाहतो, तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब एकदम घटतो आणि तेथील महाधमनीची भिंत बाहेरच्या बाजूस ताणली जाते. रक्तातील प्राणवायू कमी होतो व रक्तदाब उसळतो. श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र मानला जातो.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘सीपॅप’ पद्धत नाकावरील मास्कद्वारे हवेचा सतत दाब देऊन श्वासमार्ग खुला ठेवते. त्यामुळे दिवसा येणारी झोप कमी होते आणि रक्तदाबही थोडा उतरतो. मात्र त्यामुळे ॲन्युरिझमची वाढ रोखली जाते, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. भारतासह सात देशांतील, हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ चाचणीत (२०१६) सीपॅपमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आदी घटना घटल्या नाहीत. अर्थात, हे रुग्ण रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र वापरत होते.

म्हणून सीपॅप हा ॲन्युरिझमच्या उपचारांना पर्याय नव्हे. धूम्रपान सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करणे अटळ आहे. पोटातील फुगवटा पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचल्यास सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार होतो.

समता कॉलनीतील रहिवाशांसाठी टाटीबंध येथील एम्स आणि डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय ही सरकारी रुग्णालये शहरातच आहेत. तपासणीस जाताना घरातील व्यक्तीला सोबत न्यावे. झोपेत श्वास थांबतो, हे बहुधा रुग्णाला नव्हे, तर शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते.