डान्यूबवरील सुखप्रवास आणि त्याचा पूर्वेतिहास

आम्स्टरडॅमच्या धक्क्यावरून एक लांबट, बसकी, पांढरी बोट निघते आणि पंधरा दिवसांच्या आंतबाहेर आपल्या दीडशें-पावणेदोनशें उतारूंना ऱ्हाइन, माइन आणि डान्यूब या तीन नद्यांवरून बुडापेस्टला नेऊन उतरविते. उतारूला आपलें सामान एकदांच सोडावें लागतें. खोली तीच, अंथरूण तेंच, जेवणाचें टेबल तेंच. बदलतें तें खिडकींतील शहर. एके सकाळीं कलोनच्या देवालयाचीं जुळीं शिखरें दिसतात, तर दुसऱ्या दिवशीं द्राक्षमळ्यांच्या उतरणीवरचे पडके किल्ले. श्रीमंती प्रवासाची याहून सुखाची तऱ्हा माणसानें अद्यापि शोधून काढलेली दिसत नाहीं. अशा प्रवासाचीं वर्णनें आतां आपल्याकडील घरांतूनहि ऐकूं येतात, आणि त्यांत भोजनाचा व रात्रीच्या रोषणाईचा भाग सविस्तर असतो. परंतु ज्या पाण्यावरून ही बोट चालते तें असें निर्वेध कसें झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि माझ्या मतें या सबंध प्रवासांत विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे.

या बोटींची लांबी पुष्कळदां १३५ मीटर आणि रुंदी साडेअकरा मीटरांच्या आंत असते. हीं मापें कारागिराच्या लहरीनें ठरलेलीं नाहींत. माइन नदीवरील बाम्बेर्ग आणि डान्यूबवरील केल्हाइम यांना जोडणारा १७१ किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे. त्यावर दोहों बाजूंस दरवाजे असलेले मोठे हौद बांधलेले आहेत. त्यांना लॉक म्हणतात. त्यांची रुंदी अवघी १२ मीटर. बोट आंत शिरली कीं दोन्ही अंगांना हातभरहि जागा उरत नाहीं. मागचा दरवाजा लागतो, हौदांत पाणी भरूं लागतें, आणि बोट पाण्याबरोबर वर उचलली जाते; कांहीं ठिकाणीं ही उचल २५ मीटरांच्या जवळपास आहे. असे १६ हौद चढत-उतरत बोट समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर जाऊन पलीकडे उतरते. त्या माथ्याच्या एका अंगाचें पाणी उत्तर समुद्राला मिळतें, दुसऱ्या अंगाचें काळ्या समुद्राला. वाटेंतील पूल इतके ठेंगणे आहेत कीं सुकाणूवाल्याची खोलीसुद्धां खालीं दाबून घ्यावी लागते आणि गच्चीवरील छत्र्या मिटवून उतारूंना आंत बसवावें लागतें.

हा माथा ओलांडण्याची कल्पना आजची नव्हे. इ. स. ७९३ च्या शरदांत शार्लमान बादशहानें येथून जवळच रेत्सात आणि आल्टम्यूल या दोन लहान नद्यांमध्यें कालवा खणावयास घेतला. तत्कालीन बखरकार लिहितात कीं पाऊस अतोनात झाला आणि दिवसा उपसलेली माती रात्रीं पुन्हां खालीं घसरे. बखरींवर सहसा सगळा भार टाकूं नये. पण अलीकडे तेथें उत्खनन झालें तेव्हां कांठाला आधार म्हणून ठोकलेलीं लांकडें सांपडलीं, आणि त्यांच्या वर्तुळांवरून तीं झाडें ७९३ सालींच तोडलीं होतीं असें ठरलें. बखरकाराचा शब्द हजार-बाराशें वर्षांनीं लांकडानें खरा केला! पुढें बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग यानें १८४६ मध्यें शंभर हौदांचा एक कालवा पुरा केला. तोहि दुर्दैवी ठरला. त्याच्या आधींच, १८३५ सालीं, न्यूरेंबर्गला आगगाडी सुरू झाली होती आणि अरुंद कालव्यांतील होड्यांनीं तिच्याशीं काय स्पर्धा करावी? तिसरा प्रयत्न १९९२ च्या सप्टेंबरांत तडीस गेला. म्हणजे हा सलग सुखप्रवास अगदीं कालपरवांचा आहे. त्यामागील हेतु मात्र बाराशें वर्षांचा.

निसर्गाचे अडथळे हे एक, माणसांचे दुसरे. ऱ्हाइनच्या मध्यभागीं काउब गांवासमोर बेटावर जो चिमुकला किल्ला आहे, आणि ज्याचें चित्र प्रत्येक उतारू घेतो, तो शोभेसाठीं बांधलेला नसून चौदाव्या शतकांत जकात वसूल करण्यासाठीं बांधलेला आहे. डान्यूबवरील ड्यूर्नस्टाइनचा पडका किल्लाहि असाच मनोहर दिसतो. क्रूसेडहून परतणारा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डनें ११९२ सालीं पकडून येथें कोंडलें. त्याच्या सुटकेसाठीं इंग्लंडच्या रयतेकडून जें रुपें गोळा झालें, त्यांतील लिओपोल्डच्या वांट्यांतून व्हिएन्नाचा तट वाढला. आजचा उतारू किल्ल्याखालीं जर्दाळूची दारू चाखतो आणि संध्याकाळीं व्हिएन्नांत उतरतो. या दोन स्थळांमधील पैशाचा संबंध वाटाड्या सांगतोच असें नाहीं.

ड्यूर्नस्टाइनच्या अलीकडे, लिंझ सोडल्यावर थोड्याच वेळांत, डाव्या कांठावर माउटहाउझेन नांवाचें टुमदार गांव लागतें. येथील ग्रॅनाइट प्रसिद्ध. व्हिएन्नाच्या रस्त्यांची फरसबंदी त्यानें झालेली आहे. १९३८ च्या ऑगस्टांत नात्सी सत्तेनें या खाणींवर बंदिवासाची छावणी घातली. कैद्यांनीं दगड पाठीवर घेऊन खाणींतून १८६ पायऱ्या चढाव्या, ही तेथील शिक्षा आणि तेंच तेथील काम. मुख्य छावणी आणि तिच्या शाखा मिळून सुमारें १,९०,००० माणसें येथें कोंडलीं गेलीं. त्यांपैकीं निदान ९०,००० मेलीं. १९४५ च्या मे महिन्याच्या ५ तारखेस अमेरिकन सैन्य येईपर्यंत हें चाललें. छावणी मागच्या टेकडीवर आहे. नदीवरून दिसतात तीं रंगीत घरें आणि देवालयाचा मनोरा. बोटीवरील मंडळींनीं सुखांत असूं नये असें माझें म्हणणें नाहीं. पैसे देऊन विश्रांति विकत घेणाराला दर वळणावर शोक करावयास लावणें हा शहाणपणा नव्हे. तरीपण ज्या प्रवासाची जाहिरात ऐतिहासिक शहरांचा प्रवास म्हणून होते, त्यांत बाराव्या शतकांतील बंदिवान राजाला स्थान असावें आणि विसाव्या शतकांतील लाखभर बंदिवानांना नसावें, ही निवड मला खटकते. इतिहास पुरेसा जुना झाला म्हणजे तो शोभिवंत होतो, एवढाच या निवडीचा अर्थ काय?

आतां वाफेच्या युगाकडे वळूं. आगबोट हा शब्द ज्या कोंकणवासीयांच्या घरोघर रुळला, त्यांना नदीवरच्या आगबोटीचें कौतुक वाटावें. १८२९ मध्यें व्हिएन्ना येथें डान्यूब स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षीं तिची ‘फ्रान्झ पहिला’ ही बोट पेस्टपर्यंत गेली. जातांना प्रवाहाबरोबर सुमारें १४ तास लागले, परततांना ४८. नदी कोणाच्या बाजूची असते तें या दोन आंकड्यांवरून कळेल. हंगेरीचा सरदार इश्टव्हान सेचेन्यी यानें त्याच वर्षीं समुद्राकडे होडींतून जाऊन सबंध खालचा प्रवाह स्वतः पाहिला. नदी मोकळी झाल्यावांचून आपला देश मोकळा व्हावयाचा नाहीं, हें त्याच्या मनानें घेतलें. बुडा आणि पेस्ट यांना जोडणारा सांखळ्यांचा पूल त्याच्याच खटपटीनें उभा राहून १८४९ मध्यें खुला झाला. १९४५ च्या जानेवारींत माघार घेणाऱ्या जर्मनांनीं तो उडविला. बरोबर शंभर वर्षांनीं, १९४९ सालीं, तो पुन्हां उघडला गेला.

रात्रीं याच पुलाखालून दिव्यांच्या झगमगाटांत बोट जाते, आणि तें दृश्य खरोखरच अपूर्व आहे. पार्लमेंटच्या इमारतीजवळ कांठावर लोखंडाचे साठ जोडे ओळीनें मांडलेले आहेत. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हंगेरियन नात्सींनीं ज्यूंना येथें उभें करून, पायांतील जोडे काढावयास लावून, नदींत गोळ्या घातल्या. त्यांचें हें २००५ सालचें स्मारक. तेथून थोडें वर मार्गारेट पूल आहे. २९ मे १९२९ नव्हे, अगदीं आपल्या काळांत, २९ मे २०१९ च्या पावसाळी रात्रीं त्याच्याजवळ एका मोठ्या सुखनौकेनें एका लहान प्रेक्षणीय होडीला धक्का दिला; होडी कांहीं सेकंदांत बुडाली आणि तिच्यावरील ३५ जणांपैकीं ७ च वांचले. बहुतेक कोरियाहून आलेले प्रवासी होते.

खालच्या प्रवाहांत ‘लोहद्वार’ नांवाची अरुंद खिंड आहे. तेथील खडक फोडून १८९६ मध्यें वाट काढली गेली. त्याआधीं १८५६ च्या पॅरिसच्या तहानें मुखाकडील भागासाठीं युरोपीय मंडळ नेमलें होतें. पुढें रुमानिया व युगोस्लाव्हिया यांनीं मिळून १९७२ सालीं धरण पुरें केलें आणि खळखळाट संपला. त्या पाण्याखालीं आदा काले नांवाचें बेट गेलें. मशीद, बाजार, अंजिरांचीं झाडें आणि तुर्की बोलणारी वस्ती यांसह. रोमन बादशहा ट्रेजननें इ. स. १०० च्या सुमारास कोरविलेला शिलालेख मात्र खडकासकट कापून वर उचलण्यांत आला, म्हणून तो आज बोटींतून वाचतां येतो. लेख वांचला, माणसें पांगलीं.

१९९९ मध्यें नोव्ही साद येथील तीनहि पूल बाँबनीं पाडले गेले आणि पुढें कित्येक वर्षें तेथील तरत्या पुलामुळें नदी अडून राहिली. २०२२ च्या उन्हाळ्यांत पाणी इतकें उतरलें कीं बऱ्याच बोटींना उतारू मोटारींतून पुढें धाडावे लागले. आणि सर्बियांतील प्राहोव्हो गांवाजवळ, १९४४ सालीं जर्मनांनीं स्वतःच्या हातांनीं बुडविलेलीं लढाऊ जहाजें, दारूगोळ्यासकट, वाळूंतून वर आलीं.